लांब झूमचा कॅमेरा घ्यावा का? एक्सचे आकडे बघून गोंधळ

टिटवी
फोनच्या पाचपट झूममध्ये झाडावरचा पक्षी म्हणजे ठिपका, आणि बोटांनी आणखी ताणला की तेलकट डाग. म्हणून लांब झूमचा कॅमेरा घ्यायचं मनात आहे. लेन्स बदलायची कटकट नको. वापर तीनच: पक्षी, चंद्र, आणि अधूनमधून मागच्या रांगेतून रंगमंचावरचे कार्यक्रम.

यादीत निकॉन पी९५० (८३ एक्स), निकॉन पी१००० (१२५ एक्स), कॅनन एसएक्स७० (६५ एक्स) आणि सोनी आरएक्स१० मार्क ४ (२५ एक्स) आहेत. सोनीचं झूम सगळ्यांत कमी आणि किंमत सगळ्यांत जास्त, हे काही डोक्यात शिरत नाही. १२५ एक्स मिळत असताना २५ एक्स कोण घेतं? जाणकारांनी उलगडून सांगावं.

भिंगवाला
एक्स हा नुसता भागाकार. लेन्सचं सगळ्यांत लांबचं टोक भागिले सगळ्यांत जवळचं टोक. टोकं मिमीत मोजतात; आकडा मोठा तेवढी दूरची वस्तू मोठी दिसते. पी१००० आहे २४ ते ३००० मिमी, म्हणून १२५. एसएक्स७० आहे २१ ते १३६५, म्हणून ६५. त्याची सुरुवात २१ ऐवजी २८ ला झाली असती तर त्याच १३६५ ला ४९ एक्स म्हणावं लागलं असतं. पक्षी मात्र तेवढाच दिसला असता. तेव्हा एक्स विसरा, शेवटचा मिमी आकडा बघा.

तो आकडाही समतुल्य आहे. म्हणजे ३६ × २४ मिमीच्या फिल्मवर तेवढंच दृश्य यायला किती लांब लेन्स लागली असती, तो. पी१००० मधली खरी लेन्स ५३९ मिमीची. सेन्सर (आतला फोटो टिपणारा तुकडा) जेमतेम ६.२ × ४.६ मिमी, करंगळीच्या नखापेक्षाही लहान, म्हणून ती ३००० सारखी वागते.

आता तुम्हाला किती मिमी लागेल ते काढता येतं. पक्ष्याची लांबी मीटरमध्ये, गुणिले समतुल्य मिमी, भागिले अंतर मीटरमध्ये. उत्तर म्हणजे ३६ मिमी रुंद चौकटीत पक्षी किती मिमी भरेल. बुलबुल २० सेंमीचा, अंतर २० मीटर. ६०० ला (आरएक्स१० चं लांब टोक): ०.२ × ६०० ÷ २० = ६ मिमी, चौकटीचा सहावा भाग. आरएक्स१० ची चौकट ५४७२ पिक्सेल रुंद, म्हणजे बुलबुल साधारण ९०० पिक्सेलचा. स्क्रीनवर बघायला पुरे. तोच २००० ला (पी९५० चं लांब टोक) २० मिमी, निम्म्याहून जास्त चौकट. फोनचं पाचपट म्हणजे १२० मिमीच्या आसपास, तिथे उत्तर येतं १.२ मिमी. तुमचा ठिपका तो हाच.

टिटवी
मग यात पी९५० आणि पी१००० च जिंकले की!

शेवाळ
जिंकले कागदावर. एवढ्याशा सेन्सरवर पक्षी काढणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. एक इंची (हे नुसतं नाव, माप नव्हे) सेन्सरच्या खाली जाऊच नये. आरएक्स१० चा सेन्सर १३.२ × ८.८ मिमी, क्षेत्रफळ चौपट. विषय संपला.

अर्धचंद्र
नाही संपला, शेवाळ. चौपट क्षेत्रफळ बरोबर, पण दूरच्या पक्ष्यासाठी ते एकटं बघून चालत नाही. लेन्सचं तोंड किती उघडं आहे ते बघा. खरं फोकल लेंग्थ (समतुल्य नव्हे, लेन्सचा खरा मिमी आकडा) भागिले एफ-आकडा (लहान तेवढं तोंड उघडं), की तोंडाचा व्यास मिळतो.

आरएक्स१० मार्क ४: २२० ÷ ४ = ५५ मिमी
पी९५०: ३५७ ÷ ६.५ = ५५ मिमी
पी१०००: ५३९ ÷ ८ = ६७ मिमी
एसएक्स७०: २४७ ÷ ६.५ = ३८ मिमी

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. त्याच झाडावरच्या त्याच बुलबुलाकडून दोन्ही कॅमेऱ्यांत सारखाच प्रकाश शिरतो. सोनीत तो मोठ्या सेन्सरच्या मधल्या तुकड्यावर पडतो आणि बाकीचा सेन्सर पानंफांद्या टिपत बसतो. निकॉनमध्ये तो छोट्या सेन्सरवर पसरतो. सोनीचा फोटो कापून बुलबुल तेवढाच मोठा केलात, तर दोन्हींतला दाणेदारपणा जवळजवळ सारखा येतो. छोटा सेन्सर म्हणून पी९५० आपोआप हरत नाही, निदान झूमच्या शेवटच्या टोकाला तरी नाही.

तपशिलाचं गणितही याच व्यासावर चालतं. ५५ मिमी तोंडाची लेन्स १०० मीटरवर सुमारे १.२ मिमीपेक्षा जवळच्या दोन रेषा वेगळ्या दाखवू शकत नाही. भिंग कितीही चांगलं असो, प्रकाशाचा तो स्वभाव आहे. त्या अंतरावर सोनीचा एक पिक्सेल १.१ मिमी झाकतो, म्हणजे लेन्स जे देते त्यातलं थोडं पिक्सेलच्या जाळीतून निसटतं. पी९५० चा पिक्सेल झाकतो ०.३७ मिमी. त्याला सगळं टिपता येतं आणि वर पिक्सेल उरतात. म्हणून चांगल्या उजेडात, स्थिर बसलेल्या दूरच्या पक्ष्याची पिसं पी९५० मध्ये जास्त मोकळी दिसतात.

पी१००० मध्ये तीच हद्द १.२ वरून १ मिमीवर येते. मिमी दीडपट वाढले, खरा तपशील जेमतेम पाचव्या हिश्शाने. त्यासाठी वजन १००५ ग्रॅमवरून १४१५ वर गेलं. ३००० ला एफ/८ वर एका बिंदूचा प्रकाश सुमारे १०.७ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) गोळ्यात पसरतो, आणि पिक्सेल आहे १.३४ मायक्रॉनचा. आठ पिक्सेलभर पसरलेला ठिपका! १०० टक्के मोठं करून पाहिलं की फोटो मऊ दिसतो तो यामुळे. कॅमेरा बिघडलेला नसतो.

शेवाळ
तोंडाचा मुद्दा मान्य. पण फोकसचं काय? पी९५०, पी१०००, एसएक्स७० तिघेही कॉन्ट्रास्टवर फोकस शोधतात. पुढे-मागे करून पाहायचं आणि सर्वांत धारदार जागी थांबायचं. संध्याकाळच्या उजेडात लांब टोकाला ते पुढे-मागेच करत बसतात. आरएक्स१० मार्क ४ मध्ये सेन्सरवरच ३१५ फेज बिंदू (फोकस कुठे न्यायचा ते पुढे-मागे न करता थेट सांगणारे) आहेत, सेकंदाला २४ फोटो निघतात. उडता पक्षी हवा असेल तर या यादीत दुसरा पर्याय नाही. आणि जुना मार्क ३ घेताना सावध, लेन्स तीच असली तरी त्याला फेज फोकस नाही.

खंड्या
उडत्या पक्ष्याबद्दल शेवाळशी सहमत. बसलेल्या पक्ष्यासाठी मात्र या निकॉनवर बरंच काही हाताच्या सवयीवर आहे, ते लिहितो.

पहिली अडचण पक्षी सापडण्याची. २००० ला चौकट जेमतेम एक अंशाची. हात लांब करून धरलेल्या करंगळीएवढी. आधी झूम ताणून मग पक्षी शोधायला गेलात की नुसतं आभाळ आणि पानं. म्हणून २०० च्या आसपास पक्षी चौकटीच्या बरोबर मध्यावर घ्यायचा, डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेलाच ठेवायचा आणि मग झूम ताणायचं. मध्येच हरवला तर पी९५० आणि पी१००० वर लेन्सच्या बाजूला एक बटण आहे: दाबून धरलं की झूम तात्पुरतं मागे येतं, सोडलं की परत जाग्यावर. कॅननमध्येही हीच सोय आहे. मागच्या स्क्रीनवर बघत हात लांब करून हे होत नाही. व्ह्यूफाइंडर कपाळाला टेकला की तिसरा आधार मिळतो.

फोकससाठी सर्वांत लहान चौकोन निवडा. मोठा ठेवलात तर कॅमेरा पक्ष्याच्या पुढची काडी पकडतो. ते पकडतच असेल तर मॅन्युअल फोकस आणि कडांना रंग दाखवणारं पीकिंग लावा.

उजेडाचा अंदाज असा. भर उन्हात एफ/६.५ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की दाणे वाढतात) १०० ला १/६०० सेकंदाचं शटर मिळतं. ढगाळ हवेत त्याच शटरला आयएसओ ८००. झाडाच्या सावलीत १६०० ते ३२००, आणि तिथे या सेन्सरवर पिसांचा लगदा होतो. उपाय म्हणजे शटर खाली आणा. पक्षी स्थिर बसलाय, १/१२५ चालतो. चार स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा) स्थिरीकरण, म्हणजे हाताचा हादरा सावरणारी सोय, धरलं तर १२०० मिमीला हातातून १/७५ सुद्धा गणितात बसतो. पण गणितावर सोडू नका, पाच-सात फोटोंचे बर्स्ट मारा, त्यातला एखादा धारदार निघतो. पी१००० सेकंदाला ७ च्या वेगाने सातच फोटो घेतो आणि मग कार्डावर लिहीत बसतो. त्यामुळे बटण दाबून ठेवण्यापेक्षा पक्ष्याने मान स्थिर केली की दाबायचं.

आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढा. पी९५०, पी१००० दोन्हींत आहे. जुना पी९०० सेकंडहँडमध्ये स्वस्त दिसतो, त्यात रॉ नाही.

उन्हाळी_ढग
सगळ्यांनी लेन्स आणि सेन्सर तोलले, हवा राहिली. जमीन तापली की हवेचे गरम-गार थर हलू लागतात. रस्त्यावर डांबराच्या वर पाण्यासारखं थरथरताना दिसतं तेच. ६०० ला ते जेमतेम जाणवतं, २००० ला फोटो खाऊन टाकतं. सकाळी लवकर, पावसानंतर किंवा ढगाळ दिवशी हा त्रास कमी. दुपारी तापलेल्या माळावर, शंभर मीटरच्या पलीकडे, महागातली लेन्सही हात टेकते.

कॅमेरा वाईट की हवा, हे ओळखायची युक्ती आहे. ट्रायपॉडवरून एकाच वस्तूचे पाच फोटो घ्या, १/१००० किंवा वर. खांबाची उभी कड प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी वाकडी दिसली तर हवा. सगळ्यांत सारखीच मऊ असेल तर फोकस किंवा लेन्स. लांब झूम नवीन घेणारे कितीतरी जण या एका कारणाने कॅमेरा परत करायला निघतात. गाडीत एसी लावून खिडकीतून फोटो काढला तरी हाच प्रकार होतो, बरं का. काचेच्या फटीत गार-गरम हवा मिसळते.

टिटवी
हे सगळं कळलं. रंगमंचाचं काय? आणि चंद्र?

शेवाळ
रंगमंचाला अर्धचंद्र यांचं समान तोंडाचं गणित लागू होत नाही, कारण तिथे पूर्ण टोकाला जावंच लागत नाही. मागच्या रांगेतूनही २०० ते ६०० पुरतं, आणि त्या पट्ट्यात मोठा सेन्सर नि उघडं अपर्चर (लेन्सचं तोंड) सरळ जिंकतं. नाचाला १/२५० तरी हवा. आरएक्स१० ला ६०० पर्यंत जास्तीत जास्त एफ/४. चौपट सेन्सर म्हणजे दोन स्टॉप: त्याचा आयएसओ ३२०० छोट्या सेन्सरच्या ८०० सारखा दिसतो.

खर्च कमी ठेवायचा तर पॅनासॉनिक एफझेड३०० बघा. सेन्सर छोटाच, १२ मेगापिक्सेल, पण २५ ते ६०० संपूर्ण पट्ट्यात एफ/२.८, आणि अंगावर पाण्याचे शिंतोडे चालतात. सोनीपेक्षा एक स्टॉप जास्त उघडा, सेन्सरचे दोन स्टॉप वजा, म्हणजे निव्वळ एक स्टॉप मागे. दूरच्या पक्ष्याला मात्र त्याचं तोंड ३९ मिमीचंच.

काळ्या पडद्यामुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या जागेचा उजेड मोजणं) लावा, नाहीतर एक स्टॉप खाली घ्या. एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, फोटोवर आडवे पट्टे येतात. फोकसचा केशरी दिवा आणि बीप आधी बंद करा, शेजाऱ्यांच्या शिव्या वाचतील.

अर्धचंद्र
चंद्रासाठी पी९५० पुरेपूर. पी१००० ला ३००० वर पौर्णिमेचा चंद्र उभ्या बाजूने मावतच नाही: चौकटीची उंची ०.४८ अंश, चंद्र ०.४९ ते ०.५६ अंश. त्यामुळे तिथेही थोडं मागे यावं लागतं. २००० ला चंद्र चौकटीच्या उंचीचा सुमारे ७० टक्के भाग भरतो, आरएक्स१० ला ६०० वर चौथ्या हिश्शापेक्षाही कमी.

मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ/८, १/२००. हे पौर्णिमेला. अर्ध्या चंद्राला १/५०. ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा काळं आभाळ उजळायला जातो आणि चंद्राची पांढरी थाळी होते. ट्रायपॉड, स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर, कारण बटण दाबल्याचा हादरा एवढ्या झूमला दिसतो. चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला साधारण दोन मिनिटं घेतो, तेव्हा दर दोन-तीन फोटोंनंतर चौकट सावरायची. आणि पौर्णिमा टाळा हो. समोरून पडलेल्या उजेडात विवरं सपाट दिसतात. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, तिथे खरी मजा.

भिंगवाला
एक गोष्ट जाहिरातीत कोणी लिहीत नाही: लांब टोकाला कमीत कमी अंतर किती. पी१००० ला पूर्ण झूमवर ७ मीटर, पी९५० ला ५ मीटर. त्याच्या आतलं फुलपाखरू फोकसच होत नाही, आणि लोकांना वाटतं फोकस बिघडला. झूम मागे आणा किंवा तुम्ही मागे व्हा. आरएक्स१० ला ६०० वर ७२ सेंमी चालतं. चतुर, फुलपाखरं हा छंद असेल तर सोनीच्या किमतीचं कोडं इथेही थोडं सुटतं.

रानवाट
मूळ प्रश्नालाच हात घालतो. लेन्स बदलायची नाही असं टिटवी यांनी ठरवलंय, पण त्या हट्टाची किंमत बघा. कॅनन आर१० बॉडी ४२९ ग्रॅम, आरएफ १००-४०० लेन्स ६३५ ग्रॅम. दोन्ही मिळून १०६४, म्हणजे आरएक्स१० च्या १०९५ पेक्षा किंचित कमीच. समतुल्य १६० ते ६४०. ४०० ला एफ/८, तोंड ५० मिमी, म्हणजे सोनीच्या जवळपास. वर पक्ष्याचा डोळा ओळखून धरणारा फोकस. लेन्स न बदलता तीच लावून ठेवायची, रुंद दृश्यांना फोन आहेच. उद्या जास्त हवं झालं तर फक्त लेन्स बदलेल, बॉडी राहील.

खंड्या
रानवाट, पण ६४० वर थांबता. २० मीटरच्या आतले पक्षी असतील तर तुमचा सल्ला सगळ्यांत चांगला. तळ्याच्या पलीकडचे असतील तर पुन्हा पी९५०. भिंगवाल्यांचं सूत्र घेऊन आपले नेहमीचे पक्षी किती अंतरावर बसतात ते पावलांनी मोजावं.

रानवाट
हो, ते मान्य. रंगमंचाला एफ/८ ही अडचण आहेच, तेही सांगायला हवं.

शटरकमी
सेकंडहँड घेणार असाल तर या जातीच्या कॅमेऱ्यांचा खरा शत्रू धूळ. झूम बाहेर येताना पंपासारखी हवा आत ओढली जाते, तिच्याबरोबर धूळ सेन्सरवर जाते, आणि लेन्स निघत नसल्यामुळे आपल्याला पुसता येत नाही. अख्खी नळी उघडावी लागते. वाळूचा एक कण नळीच्या फटीत गेला की झूम अर्ध्यात अडकतो आणि स्क्रीनवर लेन्स एररची पाटी येते. म्हणून वाळूत, वाऱ्यात झूम ताणू नये, आणि पिशवीत चुकून चालू होणार नाही असा ठेवावा. बंद पिशवीत नळी बाहेर यायला धडपडते, तेव्हाही आतल्या चाकांचे दाते जातात.

बघायला जाल तेव्हा आपलं कार्ड न्या. पांढऱ्या भिंतीचा फोटो फोकस बाहेर ठेवून, अपर्चर जितकं बंद होईल तितकं करून, रुंद टोकाला एक आणि पूर्ण झूमवर एक. धूळ गोल करड्या ठिपक्यांसारखी दिसते, प्रत्येक फोटोत त्याच जागी. मग फरशीच्या सरळ रेषांचा फोटो: चारही कोपरे सारखे हवेत. एकच बाजू मऊ असेल तर आतलं भिंग सरकलंय, कॅमेरा पडलेला असणार. पुढून टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. झूम दहा वेळा आत-बाहेर करा आणि कान द्या. एकसारखी घरघर ठीक, मध्ये कट् आवाज येऊन थबकला तर नको. ताणलेली नळी बोटांनी किंचित हलते, तेवढं चालतं.

पी९५० आणि पी१००० ची बॅटरी एका चार्जवर तीनशे फोटोंच्या आतच संपते. सोबत दुसरी मिळते का विचारा. नवीनच घेणार असाल तर २०२५ मध्ये पी११०० आला, लेन्स पी१००० चीच, चार्जिंग यूएसबी-सीवर.

टिटवी
पावलांनी मोजलं. बहुतेक पक्षी ३० ते ६० मीटरवर, पाण्याच्या पलीकडे. रंगमंच वर्षातून दोनदाच. म्हणजे पी९५०, आणि कार्यक्रमांना जे येईल ते. लेन्सच्या पुढे संरक्षणासाठी यूव्ही फिल्टर लावून ठेवू का?

भिंगवाला
६७ मिमीचा बसेल, पण साध्या काचेचा लावू नका. ती काच ६०० पर्यंत खपून जाते, २००० ला पिसं पुसून टाकते. आधीच कोणी लावून दिलेला असेल तर ट्रायपॉडवरून दूरच्या पाटीचे फिल्टरसकट पाच आणि फिल्टर काढून पाच फोटो घ्या, दोन सेकंदांच्या टायमरवर. अक्षरांच्या कडा बघितल्या की लगेच कळेल. संरक्षणाला हूड (लेन्सच्या पुढे लावायची कड) पुरतो, आणि कॅमेरा बंद करून झाकण लावायची सवय.

खंड्या
आणि पट्टा बदला. सोबत येणारा अरुंद असतो, किलोभर वजनाने तासाभरात मान धरते. रुंद, तिरका खांद्यावरून घ्यायचा पट्टा घ्या, पण तो ट्रायपॉडच्या स्क्रूला न लावता दोन्ही कड्यांना अडकवा. स्क्रू चालता चालता सैल होतो.